सॉफ्टवेअरमध्ये झोन टाकला की झालं का?

वाचकाचं पत्र:

ताई, मी उमरगा तालुक्यातली. २०२३ साली सिव्हिलची पदवी घेतली आणि तेव्हापासून पुण्यात एका आरसीसी कन्सल्टंटकडे काम करते. यंदा गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) दिली, स्कोअर बरा आला. रुरकीच्या आयआयटीत अर्थक्वेक इंजिनिअरिंगच्या एम.टेक.ला जागा मिळेल असं दिसतंय. नागपूरच्या व्हीएनआयटीतही अर्ज करणार आहे. आमचे सर म्हणतात, ‘ईटॅब्समध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) झोन टाकला की भूकंपाचं सगळं आपोआप येतं, त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवतेस? इथंच राहा, पगार वाढवतो.’ घरी वेगळाच प्रश्न आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर पडलं, आजोबा गेले. बाबा तेव्हा नववीत होते. ते म्हणतात, ‘आमच्या वाट्याला आलं ते आलं. आता तू कशाला त्याच्या मागं लागतेस? एमपीएससी कर, सरकारी नोकरी बघ. भूकंप काय रोज होतो का?’ शिवाय माझं एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) जेमतेम निघालंय, त्याची भीती आहेच. काय करू?

उत्तर:

सरळ उत्तर आधी देते. जागा मिळाली तर जा. मात्र तिथं नेमकं काय शिकायचं हे ठरवून जा, कारण नुसत्या पदवीच्या नावावर या क्षेत्रात कुणी काम देत नाही. तुझ्या सरांचं म्हणणं आधी घेते. ते रोज तुझ्या कानावर पडतंय, आणि निम्मं बरोबरही आहे.

झोन टाकला की आकडे येतात, खरंय. झोन म्हणजे भूकंपाच्या धोक्यानुसार नकाशावर पाडलेला विभाग. पुणे झोन तीन, म्हणजे गुणांक ०.१६. माती मध्यम. आर, म्हणजे भूकंपाचं बळ कितीनं भागायचं तो आकडा, पाच. मग रन. आता उद्या ऑफिसात गेलीस की एक करून बघ. तळमजला अधिक तीन मजल्यांची, बारा मीटर उंच आणि नऊ मीटर रुंद अशी एखादी साधी इमारत घे. मॉडेलमध्ये आपण कॉलम, बीम, स्लॅब काढतो, विटांच्या भिंतींचं वजन टाकतो, पण त्या भिंतींचा ताठपणा टाकत नाही. अशा उघड्या सांगाड्याचा आवर्तकाल सॉफ्टवेअर एक सेकंदाच्या आसपासही दाखवू शकतं. आवर्तकाल म्हणजे इमारतीला एक झोका पुरा करायला लागणारा वेळ. झोपाळ्याला जशी स्वतःची लय असते तशी ती इमारतीलाही असते. आता आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय संहितेमधलं भिंती भरलेल्या इमारतीचं सूत्र लाव: ०.०९ गुणिले उंची, भागिले रुंदीचं वर्गमूळ. उत्तर येतं ०.३६ सेकंद. मध्यम मातीच्या आलेखावर ०.३६ सेकंदाला भूकंपाच्या बळाचा गुणांक आहे २.५ आणि एक सेकंदाला १.३६. इमारत तीच, झोन तोच, माती तीच, आणि भूकंपाचं बळ जवळजवळ निम्म्यावर आलं! प्रत्यक्षात त्या भिंती उभ्या असणारच आहेत, म्हणजे इमारत ताठच वागणार आहे आणि बळही जास्तच ओढून घेणार आहे. म्हणून तर संहिता सांगते की डायनॅमिक अ‍ॅनालिसिसचं बेस शिअर (इमारतीच्या पायथ्याशी येणारं एकूण आडवं बळ) सूत्राच्या बेस शिअरपेक्षा कमी आलं तर ते वर ओढा. आपण ऑफिसात त्याला ‘स्केल फॅक्टर मारणे’ म्हणतो. तो का मारायचा, हे शेजारच्या टेबलावर विचारून बघ. बहुतेक ठिकाणी ‘तसं करायचं असतं’ एवढंच उत्तर मिळेल.

त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे तो ‘आर पाच’. भूकंपात इमारतीला एक तडाही न जाता ती उभी राहायची असेल, तर तिला जेवढं बळ सोसावं लागेल, त्याच्या पाचव्या हिश्शासाठी आपण ती डिझाइन करतो. बाकीचं ती निभावून नेते. बीमच्या टोकांशी सळया ताणल्या जातात, काँक्रीटला तडे जातात, पण सांगाडा कोसळत नाही. ही निभावण्याची ताकद सॉफ्टवेअर देत नाही, साइटवर सळया वळवणारा बार बेंडर देतो. सळया कशा बसवायच्या ते सांगणारी आयएस १३९२० ही संहिता काय सांगते? कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, निदान ४५० मिलिमीटर लांबीत, उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांमधलं अंतर १०० मिलिमीटरच्या पुढं जाऊ नये. हूक १३५ अंशात वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसलेला असावा. ९० अंशात नुसता दुमडलेला हूक बाहेरचं काँक्रीटचं कव्हर उडालं की उघडतो. मग रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम जागच्या जागी बसतो. सांध्याचं तर विचारूच नको. बीम आणि कॉलम जिथं भेटतात तिथं बीमच्या सळया आधी बसल्या की रिंग आत जात नाही, म्हणून ती सर्रास वगळली जाते. ड्रॉइंगवर असते, आत नसते. स्लॅब भरायच्या आधी चेकिंगला गेलीस की टॉर्च मारून सांधे बघत जा. ऑफिसात पाच लिहायचं आणि साइटवर ९० अंशाचा हूक चालवून घ्यायचा, म्हणजे इमारतीच्या नावानं दिलेला शब्द आपणच मोडायचा.

हे सगळं दोन वर्षं रुरकीला न जाताही वाचता येतं, असं सर म्हणतील. वाचता येतंच. पण प्रत्येक आकड्याच्या मागं कुठलं गृहीतक आहे, ते कुठल्या इमारतीत लागू पडत नाही आणि मग काय करायचं, हे कळायला रोजच्या डेडलाइनमधून बाहेर पडून निवांत बसावं लागतं, चुकत-माकत गणित सोडवावं लागतं, कुणीतरी खोदून-खोदून विचारावं लागतं. नोकरीत तशी फुरसत मिळत नाही. तुझ्या सरांचा यात दोष नाही. धंदा असाच चालतो.

बरं, नेहमीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या एम.टेक.ला आणि याला फरक काय? पहिल्या सत्रात फारसा नाही. पुढं मात्र दिशा बदलते. स्ट्रक्चरलला भूकंप हा अनेक भारांपैकी एक भार असतो. इथं तो मूळ धरून शिकवतात: भूकंपाच्या लाटा कुठून कशा येतात, मातीतून वर येताना त्यांचं काय होतं, इमारत त्याला काय प्रतिसाद देते आणि नेमकी कुठं मोडते. मातीचा भाग आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. १९८५ च्या सप्टेंबरात मेक्सिकोचा भूकंप झाला, तेव्हा केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब होतं. तरीही मेक्सिको सिटीत इमारती कोसळल्या, कारण शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या गाळावर उभा आहे. त्या गाळाची लय साधारण दोन सेकंदांची, आणि मधल्या उंचीच्या इमारती हलता-हलता सैल होत त्याच लयीत सापडल्या. १९६४ साली जपानमधल्या निगाता शहरात वाळू पाण्यासारखी वाहू लागली आणि चाळीसारख्या लांब इमारती न मोडता अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या. सॉफ्टवेअरमध्ये ‘मध्यम माती’ निवडताना आपण यातलं काय बघतो? बोअरहोलचा, म्हणजे जमिनीत भोक पाडून केलेल्या माती तपासणीचा, रिपोर्टसुद्धा नीट वाचत नाही.

तू मराठवाड्यातली, पण एक उदाहरण सातारा जिल्ह्यातलं देते. ते तुला रुरकीत भेटेल, परदेशात गेलीस तर तिथंही भेटेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. कोयना धरण १०३ मीटर उंचीचं. त्याची रचना करताना भूकंपासाठी वजनाच्या पाच टक्के एवढं आडवं बळ धरलं होतं, तळापासून माथ्यापर्यंत सारखंच. त्या काळची रीतच तशी होती. धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्रानं त्या पहाटे जे नोंदवलं ते धरणाच्या लांबीच्या दिशेनं गुरुत्वाच्या ६३ टक्के आणि प्रवाहाच्या दिशेनं ४९ टक्के होतं. धरण टिकलं, पण माथ्यापासून साधारण एक तृतीयांश खाली, जिथं मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो, तिथं दोन्ही तोंडांना आडवे तडे गेले. सारखं बळ धरून केलेल्या जुन्या हिशोबात त्या जागी काळजी करण्यासारखा ताण दिसतच नव्हता. पुढं बर्कलेमध्ये अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यानं धरण ही हलणारी वस्तू धरून हिशोब केला, तो १९७३ साली प्रसिद्ध झाला, आणि ताण नेमका त्या मानेपाशी निघाला. धरणाला नंतर मागून काँक्रीटचे आधार देऊन बळकट केलं. कोयनेची ती नोंद आजही जगभर धरणांच्या हिशोबाची पद्धत तपासायला वापरतात. आपल्या मातीतली नोंद आहे ती, आणि आपल्याकडच्या किती सिव्हिल कॉलेजांत ती वर्गात काढून दाखवतात?

आता रुरकी की नागपूर. रुरकीची परंपरा मोठी आहे यात वाद नाही. १९६० साली तिथल्या विद्यापीठात प्रा. जय कृष्ण यांच्या पुढाकारानं भूकंप अभियांत्रिकीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा देशात दुसरीकडे कुठं असं काही नव्हतं. आज तो आयआयटीतला स्वतंत्र विभाग आहे. स्ट्रक्चरही आहे, मातीही आहे, भूकंपशास्त्रही आहे, आणि हे सगळे लोक एकाच इमारतीत बसतात ही फार मोठी सोय आहे. व्हीएनआयटीच्या अभ्यासक्रमाच्या नावातच स्ट्रक्चरल डायनॅमिक्स आधी येतं, त्याचा कल त्यामुळं इमारतींच्या हिशोबाकडे जास्त. तिथून घरही जवळ. दोन्ही ठिकाणी गेटवर मासिक १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, त्यात हॉस्टेल-मेस कसंबसं निघतं, घरी पाठवायला काही उरत नाही. घरच्यांशी बोलताना हे आधीच स्पष्ट सांग. मुंबई, कानपूर, गांधीनगर, हैदराबाद इथंही चांगली माणसं आहेत, पण तिथं बहुतेक ठिकाणी पदवी स्ट्रक्चरलची आणि भूकंप हा तुझा निवडीचा भाग असेल. त्यानं काही बिघडत नाही. या क्षेत्रात नाव कमावलेले कितीतरी जण स्ट्रक्चरलचेच आहेत. संस्थेच्या नावापेक्षा प्रबंध कुणाकडे आणि कशावर करणार, याला मी जास्त वजन देईन.

प्रबंधाचा विषय निवडताना माझं एक ऐक. झगमगत्या विषयांमागं पळू नकोस. नव्या प्रकारच्या डॅम्परवर (हादरे शोषणाऱ्या साधनांवर) संगणकात आलेख काढणारे प्रबंध ढिगानं होतात. तुला तीन वर्षांचा साइटचा आणि डिझाइनचा अनुभव आहे, वर्गातल्या बहुतेकांकडे तो नसेल. तो वापर. आपल्याकडच्या खऱ्याखुऱ्या इमारती घे. पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या सोसायट्या तर पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली आहेत. वरचे मजले भिंतींनी ताठ, खाली नुसते कॉलम. भूकंपात सगळी हालचाल त्या एका मजल्यात गोळा होते. २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये झाला आणि दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती खाली बसल्या. संहिता बदलली, पण आधी बांधलेल्या इमारती उभ्याच आहेत, लोक त्यांत राहताहेत. त्या रिकाम्या न करता, रहिवाशांना परवडेल अशा खर्चात बळकट कशा करायच्या, यावर जेवढं काम व्हावं तेवढं थोडंच आहे. किंवा दगडी घरं घे, किंवा आपली जुनी दगडी धरणं घे. असा विषय घेतलास तर मुलाखतीत तुला बोलायला काहीतरी असेल, आणि पुढं वीस वर्षं पुरेल.

एम-थ्रीची भीती. काढून टाक म्हणणार नाही, कारण गणित लागतंच. सेकंड ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स, मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू, फोरियर. एवढ्यावर निम्मा अभ्यासक्रम उभा आहे. पण परीक्षेतलं एम-थ्री आणि हे यांत फरक आहे. तिथं समीकरण कशाचं आहे हे कुणी सांगत नव्हतं. इथं एक वजन, एक स्प्रिंग, एक डॅम्पर, आणि ते वजन म्हणजे तुझ्या इमारतीचा स्लॅब, स्प्रिंग म्हणजे कॉलम. गणिताला शरीर मिळालं की ते पचतं, हे मी शिकवताना पुष्कळदा पाहिलंय. जुलैपर्यंत वेळ आहे. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर स्ट्रक्चरल डायनॅमिक्सची व्याख्यानं फुकट आहेत, त्यातली पहिली काही लाव, आणि ऐकत बसू नकोस, वही-पेन घेऊन प्रत्येक उदाहरण स्वतः सोडव. मग पायथनमध्ये एका वजनाच्या इमारतीला कोयनेची नोंद लावून तिचं हलणं काढून बघ. ते जमलं आणि करताना वेळ कसा गेला कळलं नाही, तर निश्चिंत जा. अगदीच जिवावर आलं, रोज उठून बसावंसं वाटलं नाही, तर तेही खरं उत्तर समज आणि साध्या स्ट्रक्चरलचा किंवा कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा विचार कर. त्यात कमीपणा नाही. कानपूर आयआयटीत भूकंप अभियांत्रिकीचं राष्ट्रीय माहिती केंद्र आहे, त्यांच्या संकेतस्थळावर सोप्या भाषेतलं आणि चित्रांसह साहित्य मोफत मिळतं. ते तर आजच उघड.

परदेशाचं तू विचारलं नाहीस, तरी थोडक्यात सांगते. न्यूझीलंडमधलं कँटरबरी विद्यापीठ या विषयात फार मोठं. कॉलम बीमपेक्षा मजबूत ठेवा, म्हणजे मोडायचंच झालं तर बीम मोडेल आणि मजला खाली येणार नाही, हा विचार तिथल्या रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले यांनी रुजवला. आपल्या आयएस १३९२० मधली १.४ पटीची अट त्याच विचारातून आलेली. जपानमध्ये मिकी इथं २० गुणिले १५ मीटरचं शेक टेबल आहे, त्यावर १,२०० टनांपर्यंतची खरी इमारत ठेवून हलवतात. पण कर्ज काढून आत्ता जाऊ नकोस. इथं एम.टेक. कर. पीएचडीला जावंसं वाटलं तर तिकडं खर्च ते देतात. जपानच्या त्सुकुबा इथल्या संस्थेत विकसनशील देशांतल्या नोकरदार अभियंत्यांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम असतो. सरकारी किंवा संशोधन खात्यातल्या माणसांना त्याचा उपयोग होतो, हे बाबांच्या कानावर घालून ठेव.

बाबांबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ज्या मुलानं घराच्या ढिगाऱ्यातून बापाला काढलं असेल किंवा काढता आलं नसेल, त्याला मुलीनं त्या विषयाचं रोज नावही काढू नये असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. ‘भूकंप काय रोज होतो का’ हा प्रश्न ते नोकरीच्या हिशोबानं विचारताहेत असं मला वाटत नाही. तेव्हा त्यांना पगाराचे आकडे सांगून पटवायला जाऊ नकोस. त्यांना एक गोष्ट कदाचित कुणी नीट सांगितलेली नसेल, ती तू सांगू शकतेस: घर का पडलं.

किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा. जगाच्या मानानं फार मोठा नव्हे. माणसं गेली ती भिंतींखाली. आपल्या भागातल्या त्या दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती बाहेरून भक्कम दिसायच्या, पण आत बाहेरचं एक तोंड आणि आतलं एक तोंड अशा दोन वेगळ्या भिंतीच होत्या. मधे मातीचा गारा आणि दगडगोटे भरलेले. दोन्ही तोंडांना एकत्र बांधणारा आरपार दगड नाही, चारी भिंतींना कवेत घेणारा पट्टा नाही. वर माळवदाची माती, दरवर्षी थर चढत गेलेला. हादऱ्यात दोन्ही तोंडं फाकली आणि भिंती कोसळल्या. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर एक आरपार दगड आणि लिंटेलच्या (दार-खिडक्यांच्या माथ्याच्या) पातळीला सलग पट्टा, एवढ्यानं पुष्कळ घरांनी माणसांना बाहेर पडायला वेळ दिला असता. हे ज्ञान तेव्हाही होतं, पण ते गावापर्यंत पोचलं नव्हतं, कारण तो सगळा भाग तेव्हाच्या नकाशात झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा धरलेला होता. २००२ साली झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर झोन तीनमध्ये आला. तुझ्या आजोबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी घर बांधलं ते बापजाद्यांनी बांधलं तसंच, आणि त्यांना वेगळं सांगायला कुणी आलं नाही.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, आणि बाकी गावांतली लाखाहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त करून बळकट करण्यात आली. तुमचं घर पुनर्वसनातलं असेल तर बाबांबरोबर गावात एक फेरी मार. बहुतेकांनी मूळ घराला जोडून खोल्या वाढवल्या असतील, काहींनी मजला चढवला असेल. त्या वाढवलेल्या भागात पट्टा आहे का, जुन्या भिंतीला नवी भिंत नीट सांधली आहे का, बाबांना दाखव. तुमच्याच घरात खोली वाढवली असेल तर ती आधी बघ. ते गावातल्या गवंड्यांना ओळखत असतील, त्यांना बोलावतील. मुलगी ज्याच्या मागं लागली आहे ते काय आहे, हे त्यांना तिथं दिसेल. त्यांना पटेलच असं मी म्हणत नाही. काही जखमा अशा समजावून भरत नाहीत, आणि तसं झालं तर वाद न घालता जा. सुट्टीत घरी ये, फोन करत राहा.

एमपीएससीचा त्यांचा आग्रह मात्र टाकाऊ नाही. तो एम.टेक.च्या आड येत नाही. राज्याच्या अभियांत्रिकी सेवेतून जलसंपदा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्यात गेलीस, तर तिथं या अभ्यासाची माणसं हवीच आहेत. नाशिकला मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेत धरणांची डिझाइन होतात. तिथल्याच मेरी या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत धरणांजवळच्या भूकंपमापन केंद्रांचं काम चालतं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं तीस मीटर आणि त्याहून उंच धरणांपाशी भूकंपमापन केंद्र सक्तीचं केलं आहे. महाराष्ट्रात धरणं किती आहेत ते तुला सांगायला नको, आणि त्यांतली पुष्कळशी कुठल्या काळातल्या हिशोबावर उभी आहेत तेही आता तुझ्या लक्षात आलं असेल. केंद्राच्या बाजूला खडकवासल्याची जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, मुंबईला अणुऊर्जा महामंडळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुभट्टीच्या इमारतीला, पाइपांना, पॅनेलांनासुद्धा भूकंपाचा हिशोब लागतो. कऱ्हाडजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडून भूकंप का होतात त्याचा अभ्यास करते, पण ते काम भूकंपशास्त्रज्ञांचं जास्त. खासगीत उंच इमारती, मेट्रो, पूल, जुन्या इमारतींची तपासणी, आणि विमा कंपन्यांसाठी आपत्तीचा धोका मोजणाऱ्या कंपन्या. ‘अर्थक्वेक इंजिनिअर पाहिजे’ अशी जाहिरात तुला फारशी दिसणार नाही. काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नावानंच असतं. सुरुवातीचा पगारही सरांनी देऊ केलेल्या वाढीपेक्षा खूप जास्त असेल असं समजू नकोस. चार-पाच वर्षांनी मात्र फरक पडतो, कारण अवघड फाइल कुणाच्या टेबलावर जाते ते तेव्हा ठरायला लागतं.

सरांशी मात्र संबंध तोडून जाऊ नकोस. त्यांना मोकळेपणानं सांग, सुट्टीत काम करायला येईन म्हणून विचार, आणि प्रबंधासाठी त्यांच्याकडच्या जुन्या इमारतींची ड्रॉइंग मिळतील का तेही विचारून ठेव. असं खरं साहित्य कॉलेजात बसून मिळत नाही.

आता तातडीचं काम. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे यंदा नाहीच जमलं तरी दार बंद होत नाही. आयआयटीच्या जागा कोॲप या आयआयटींच्या सामाईक पोर्टलवरून येतात. ऑफर आली की ती फ्रीझ (पक्की) करायची की हातात ठेवून पुढच्या फेरीची वाट बघायची, हे ठरवायला वेळ थोडाच असतो. नागपूरचा अर्ज मात्र सीसीएमटी या एनआयटींच्या प्रवेशप्रक्रियेतून, त्याच्या तारखा वेगळ्या. दोन्ही तारखा आजच लिहून ठेव. ऑफर येण्याआधीच रुरकीच्या विभागातल्या दोघा-तिघा प्राध्यापकांना छोटी ईमेल टाक: मी तीन वर्षं इमारतींची डिझाइन केली आहेत, मोकळ्या तळमजल्याच्या जुन्या इमारतींवर काम करायची इच्छा आहे, पुढच्या वर्षी आपण प्रबंधाला विद्यार्थी घेणार आहात का, आणि प्रयोगशाळेत एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना शेक टेबलवर काम करायला मिळतं का. उत्तर चार ओळींचं आलं तरी चालेल. त्या चार ओळींवरून तुला बरंच कळेल. मग बटण दाब, आणि काय दाबलंस ते मला कळव.